पंचफुलाकाकूंचा सौदा

पंचफुलाकाकूंनी माणसांवर हात उचललेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. एकदा नव्हे, बऱ्याचदा. त्यातले बहुतेक फटके मला त्या त्या वेळी बरोबरच वाटले. एक नाही वाटला. तो माझ्याच स्वयंपाकघरात बसला, म्हणून हे लिहायला घेतलं.

समुद्रपुरात बस स्टँडच्या मागच्या वस्तीत आमचं घर. पुढच्या खोलीत माझं शिवणकाम, मागे राहणं. काकूंचं घर आमच्या भिंतीला लागून. साठीच्या आसपासचं वय, पुरुषासारखी उंची, रुंद खांदे, आणि हात असे की भाजीची जुडी धरली तरी कुणाची मानगूट धरल्यासारखी वाटावी. त्या एकट्याच राहत. वडिलांकडून आलेल्या वावरात कापूस आणि तूर पेरत, निंदणाला बायकांबरोबर स्वतः बसत. वस्तीतल्या बायका त्यांच्या तोंडाला लागत नसत. पण कुणाच्या पोरीच्या लग्नाचा बस्ता असो, कुणाला म्हैस घ्यायची असो की कूलर, माणसं सकाळीच काकूंच्या अंगणात येऊन उभी राहत. भाव करायला काकूच पाहिजेत.

त्याबद्दल त्या काही घेत नसत. फक्त त्यांचे काही नेम होते. दुकानात दाराजवळच बसायचं, पाठ भिंतीला लावून. आणि सौदा ठरेपर्यंत दुकानदाराचा चहा सोडाच, पाणीसुद्धा प्यायचं नाही. उन्हाळ्यात घशाला कोरड पडली तरी नाही.

"ज्याचं पानी पेलं त्याच्याशी भांडता येत नाई," त्या म्हणत. "अन् भाव काई तोंडानं होत नाई, सुनंदा. समोरच्याले समजलं पाह्यजे का हे बाई उठून जाऊ शकते. ते समजलं का भाव आपोआप उतरते."

बहुतेकदा तेवढ्यावर भागायचं. नाही भागलं की हात यायचा.

एकदा आठवडी बाजारात मी त्यांच्याबरोबर होते. वाळल्या मिरच्या घेत होतो. विकणारा मोठा गोडबोल्या होता, बोलता बोलता तागडीच्या पारड्यावर अंगठा टेकवत होता. काकूंनी दोनदा नुसतं पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी किलोचं वजन उचललं आणि त्याच्या अंगठ्यावर घातलं. तो कळवळून खाली बसला, नखाखाली रक्त साकळलं. आजूबाजूच्या दुकानांतली माणसं उठून उभी राहिली. काकूंनी वजन जागेवर ठेवलं.

"आंगठा तुह्या तुले ठेव," त्या म्हणाल्या. "मले मिरच्या मोजून दे."

त्याने एका हाताने मोजून दिल्या. मोजल्यावर काकूंनी ठरलेले पैसे दिले, एक रुपया कमी नाही. घरी येताना मी म्हटलं, "काकू, तोंडानं सांगतलं असतं तं चाललं असतं." त्या म्हणाल्या, "तोंडानं सांगतलेलं लोक इसरतात."

त्या दिवशी मला हसूच आलं होतं. मी ही गोष्ट कितीतरी गिऱ्हाइकांना रंगवून सांगितली.

त्यांच्याविषयीचं दुसरं जे मला कळलं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं त्या ब्लाउज शिवायला द्यायच्या तेव्हा मापाला जुना ब्लाउज द्यायच्या. एका दिवाळीच्या आधी तो पार विरला होता आणि काकूही आजारपणानं उतरल्या होत्या. मी म्हटलं, अंगावरच माप घेते. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पडदा लाव. पन दार लावू नको."

पदर खाली घेतल्यावर त्यांची पाठ दिसली. मानेपासून कमरेपर्यंत कातडी आक्रसून, चुलीत भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखी झालेली. माझ्या हातातली टेप तशीच राहिली.

"घे माप," त्या म्हणाल्या. "आता दुखत नाई."

मग त्यांनीच सांगितलं, भिंतीकडे तोंड करून, बाजाराचा हिशेब सांगावा तसं. वडिलांना दोघी मुलीच. दोघी एकाच घरात दिलेल्या, दोघा भावांना. वडिलांचं वावर जिवंतपणीच आपल्या नावावर व्हावं असं सासरच्यांना वाटत होतं, आणि काकू वडिलांकडे तो विषय काढायला तयार नव्हत्या. एका दुपारी त्या स्वयंपाकघरात असताना नवऱ्याने मागून रॉकेल ओतलं, काडी टाकली आणि बाहेर पळाला. दिराने बाहेरून कडी लावली.

"दोघायनं काम वाटून घेतलं होतं," काकू म्हणाल्या.

पेटलेल्या लुगड्यानिशी त्यांनी वरवंट्याने दाराची फळी फोडली. बाहेर निघाल्या तर समोर दीर उभा. त्याच्या तोंडावर तोच वरवंटा घातला. तो पडला, त्याच्या शेजारी त्या पडल्या. शेजारच्या बाईने वाकळ टाकून त्यांना विझवलं.

"मंग पोलिसात?" मी विचारलं.

"दवाखान्यात सासरा आला. मोसंब्या घेऊन आला होता. म्हने, स्टो भडकला असं बयान दे. मी पोटावर पडली होती, तोंड उशीत. म्हटलं, माह्यी बईन आजच्या आज माह्या बापाच्या घरी पोचव. तिचं लेकरू, दागिने, भांडे, सब्बन. ते पोचली असा निरोप आला, मंग बयान देल्लं. स्टो भडकला."

मी टेप गुंडाळली. त्यांनी पदर सावरला.

"तो माह्या पयला सौदा. लय सस्त्यात सोडलं मी त्यायले. तवापासून कोनाले सस्त्यात सोडत नाई."

त्यांच्या घरात स्वयंपाकघराच्या चौकटीला दाराची फळी का नाही, हे मला त्या दिवशी कळलं. बहिणीचं पुढे दुसरं लग्न झालं, आष्टीला. ती दर दिवाळीला यायची. ठेंगणी, हसरी बाई. या दोघी सख्ख्या बहिणी आहेत हे सांगूनही कुणाला खरं वाटत नसे.

मला मॉड्युलर किचन पाहिजे होतं. शिवणारीचा दिवस मशीनवर बसून जातो, मग संध्याकाळी खाली बसून रांधायचं म्हटलं की गुडघे उठू देत नाहीत. लाकडी मांडणीत उंदरांनी घर केलेलं. आमचे हे टेम्पो चालवतात, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. "तुझे पैसे, तुझं किचन," ते म्हणाले. मी काकूंना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी हिंगणघाटच्या बसमध्ये बसलो.

दुकान नवं, काचेचं. आत तीन-चार किचनं थाटून ठेवलेली, जणू आत्ताच कुणी स्वयंपाक करून गेलंय. मालक किशोरशेठ, तिशीतला, अत्तर लावलेला. त्याने माझ्याकडून मापं घेतली, मोबाईलवर आकडेमोड केली आणि दोन लाख ऐंशी हजार सांगितले. पाण्याच्या बाटल्या पुढे केल्या. काकूंनी बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. दाराजवळची खुर्ची भिंतीला लावून बसल्या.

"आतमंधी काय वापरता?" त्यांनी विचारलं.

"प्लाय, मावशी. एकदम मजबूत. वीस साल कुछ नहीं होगा."

"हा डबा किती वजन झेलते?" ओट्याखालची भांड्यांची ट्रॉली दाखवून त्यांनी विचारलं.

"आरामात पन्नास किलो."

काकू उठल्या, ट्रॉली पूर्ण बाहेर ओढली आणि तिच्यावर बसल्या. क्षणभर काही झालं नाही. मग बाजूची पट्टी स्क्रूसकट उपटली आणि काकू ट्रॉलीसकट फरशीवर आल्या. फुटलेल्या कडेतून भुसा सांडला. दाबून चिकटवलेला लाकडाचा भुसा, वर चकचकीत सनमायका. दुकानात आणखी दोन कुटुंबं होती, ती जवळ आली.

किशोरशेठचा चेहरा बदलला. "याचे पैसे भरा आधी," तो म्हणाला आणि काकूंना उठवायला म्हणून त्याने त्यांचा दंड धरला, करकचून.

काकू उठल्या आणि त्याच्या कानाखाली वाजवली. आवाज काचेवर आपटून परत आला. त्याचा चष्मा उडून दुसऱ्या किचनच्या सिंकमध्ये पडला. कामावरची दोन पोरं पुढे झाली, पण गिऱ्हाइकांतला एक म्हातारा त्यांना म्हणाला, "बाईच्या आंगाले तुमच्या शेठनं हात लावला, आमी पाह्यलं."

काकू खुर्चीवर परत बसल्या. "हात लावला त्याचं झालं," त्या म्हणाल्या. "आता किचनचा भाव सांग."

किशोरशेठने चष्मा धुऊन डोळ्यांवर चढवला. गाल लाल झाला होता. तो एक लाख ऐंशीवर आला, आतून अस्सल प्लाय, सगळ्यांसमोर कबूल. मग काकूंनी बाटलीभर पाणी एका दमात संपवलं.

परतीच्या बसमध्ये मी हसत होते, मनातल्या मनात डबे लावत होते. काकू खिडकीबाहेर पाहत होत्या.

"लवकर उतरला तो," त्या म्हणाल्या. "फटक्यानं उतरलेला भाव पक्का नसते, सुनंदा."

मी ऐकलं आणि सोडून दिलं.

माल आला, त्याबरोबर बसवणारा आला, सुखदेव. पुलगावचा. सडपातळ, हळू बोलणारा, कानावर पेन्सिल. पहिल्या दिवशी त्याने जुनी मांडणी काढली, भिंतीत खुंट्या ठोकल्या. जेवताना मी भाजी वाढली तर म्हणाला, "ताई, बायको डबा देते, वाया गेला का ते रागावते." मला माणूस आवडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू आल्या. मी पुढच्या खोलीत मशीनवर होते. त्या सरळ आत गेल्या, भिंतीला टेकवून ठेवलेल्या फळ्यांपैकी एकीची न चिकटवलेली कड नखाने खरवडली. भुसा.

"हे काय होय?" त्यांचा आवाज चढला.

"मावशी, मले जे देल्लं ते मी बसवतो," सुखदेव म्हणाला. "शेठले इचारा."

"तुले दिसत नाई का? तू रोज हेच काम करतं. तुले समजत नाई हे भुसा होय म्हनून?"

"समजते. पन माह्या हातात काय आहे?"

काकूंनी विळा मागितला, फळी फोडून दाखवते म्हणाल्या. सुखदेव फळीच्या आड उभा राहिला. माल फुटला तर शेठ त्याच्याच मजुरीतून कापणार होता, हे त्याने मला नंतर दवाखान्यात सांगितलं, म्हणजे हाताने लिहून सांगितलं. आरडाओरडा ऐकून शेजारच्या दोघी-तिघी आमच्या अंगणात आल्या होत्या. आपली अब्रू जाते आहे, या मोठ्या माणसाला शांतपणे समजावावं, असं त्याच्या मनात आलं असावं.

"मावशी, हळू बोला. ऐका माह्यं, लोक पाह्यत आहेत," तो म्हणाला, आणि त्याने स्वयंपाकघराचं दार लोटून आतून कडी लावली.

कडीचा तो आवाज मी मशीनच्या घरघरीतूनही ऐकला. माझा पाय पायडलवर थांबला. मी उठेपर्यंत आतून काहीतरी जड पडल्याचा आवाज आला, मग आणखी एक, मग सुखदेवचं ओरडणं. ते मध्येच तुटलं आणि नुसतं गुरगुरल्यासारखं ऐकू येऊ लागलं. मी दारावर धक्के दिले. "काकू, काकू, मी सुनंदा." आत कडी खडखडत होती. त्यांना ती निघत नव्हती. हात सरकत होता.

दार उघडलं. काकूंच्या हातात सुखदेवचाच हातोडा होता. त्या माझ्याकडे पाहत होत्या, पण त्यांना मी दिसत नव्हते. मला बाजूला सारून त्या अंगणात गेल्या आणि मातीत बसल्या. सुखदेव फळ्यांवर आडवा पडला होता. खालचा जबडा एका बाजूला सरकलेला, तोंडातून रक्त येऊन सनमायक्यावरून ओघळत होतं. दोन दात माझ्या पायाशी होते.

शेजारच्या ऑटोतून आम्ही त्याला दवाखान्यात नेलं, तिथून वर्ध्याला पाठवलं. जबड्याची दोन हाडं मोडली होती. तार बांधून तोंड बंद केलं.

दुसऱ्या दिवशी काकू वर्ध्याला आल्या. मी नको म्हणत होते. वॉर्डच्या बाहेर सुखदेवची बायको ज्योती बसली होती. काकू तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "म्या मारलं."

ज्योती उठली आणि तिने काकूंच्या तोंडात मारली. मग दुसऱ्या हाताने. नर्स धावत आली. काकू जागच्या हलल्या नाहीत. हात खाली सोडलेले, डोळे उघडे. ज्योतीच दमून खाली बसली आणि रडायला लागली.

पोलीस स्टेशनात किशोरशेठ आधीच येऊन बसला होता. त्याने मला बाजूला घेतलं. दोघांच्याही भल्याचं बोलतो, म्हणाला. सुखदेव शिडीवरून पडला असं तो लिहून देईल, ते मी पाहतो. दवाखान्याचं थोडंफार मी देतो. तुम्ही फक्त मालाबद्दल काही बोलू नका, आहे तेच किचन लावून घ्या. हवालदारही म्हणाला, "बाई म्हातारी आहे, कायले कोर्टकचेरी? मिटवून टाका."

खरं सांगते, मला ते पटलं होतं. किचन गेलं तर गेलं, काकू तर सुटतील. मी जाऊन काकूंना सांगितलं. त्या भिंतीला पाठ लावून बाकावर बसल्या होत्या. पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हनजे मी त्याले मारलंच नाई," त्या म्हणाल्या. "तो पडला."

"कागदावर, काकू. नुसतं कागदावर."

त्या उठून हवालदाराच्या टेबलापाशी गेल्या. किशोरशेठने घाईने खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"याचा भाव होत नाई," काकू म्हणाल्या. "लिहा. मी, पंचफुला झाडे, हातोड्यानं मारलं. दोनदा. त्यानं मले बोटसुदीक लावलं नोतं. अन् या शेठनं प्लाय सांगून भुसा देल्ला, तेही लिहा."

"बाई, आत जासान," हवालदार म्हणाला.

"लिहा."

त्यांना जामीन मिळाला, पण केस उभी राहिली. काकूंनी तीन शेळ्या आणि गोठ्यातली गाय विकून सुखदेवच्या दवाखान्याचं भरलं. ज्योतीने ते पैसे घेतले, पण काकूंच्या हातातून नाही. माझ्यामार्फत घेतले. किशोरशेठने जबाब नोंदला गेल्यावर प्लायचा माल पाठवला. दुसऱ्याच माणसांनी येऊन किचन बसवलं. चांगलं झालं आहे. मी उभ्याने रांधते, गुडघे दुखत नाहीत. काकू ते पाहायला आल्या, पण उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

"आत या ना."

"नाई, बाई. इथूनच दिसते," त्या म्हणाल्या. थोडा वेळ पाहून गेल्या.

त्यानंतर लोक त्यांच्याकडे भाव करायला येईनासे झाले. तेच लोक, ज्यांनी त्यांच्या फटक्यांवर दुकानदारांकडून पैसे सोडवून घेतले होते, आता पोरांना सांगू लागले, त्या घराकडे जाऊ नका. माझीही गिऱ्हाइकं विचारत, "ते डोकंफिरी बाई इथंच राह्यते का?" आणि मी मान खाली घालून काजं करत बसे.

तारखा पडत राहिल्या. हिंगणघाटच्या कोर्टाबाहेर कडुनिंबाखाली आम्ही एका बाजूला, सुखदेव आणि ज्योती दुसऱ्या बाजूला. सुखदेवचा जबडा वाकडा जुळला होता, बोलताना शब्द एका गालातून यायचे. एकदा ज्योती नळावर मला भेटली. म्हणाली, "नुसती कडी लावली म्हनून कोनी मानसाचा जबडा फोडते का, ताई?"

मी तिला काकूंच्या पाठीबद्दल सांगितलं. दिराबद्दल, फोडलेल्या फळीबद्दल. ती ऐकत राहिली, बाटली भरून वाहू लागली तरी तिने नळ बंद केला नाही. शेवटी म्हणाली, "त्यात माह्या मानसाचा काय गुना?" मी हात पुढे करून नळ बंद केला.

शेवटच्या तारखेला काकूंनी गुन्हा कबूल केला. न्यायाधीशबाईंनी सुखदेवला विचारलं, काही सांगायचं आहे का. तो उभा राहिला. म्हणाला, "साहेब, मारलं ते खरं. पन कडी म्या लावली होती. बाईले बाहेर जाता येत नोतं." काकूंनी त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. न्यायाधीशबाईंनी दंड केला, वयाकडे पाहून बंधपत्रावर सोडलं.

काकूंनी घराला कुलूप लावलेलं होतं, वावर बटईने दिलेलं. त्या कोर्टातूनच बहिणीकडे आष्टीला निघाल्या होत्या, कायमच्या. कापडी पिशवी आणि एक पत्र्याची पेटी. मी त्यांना वर्ध्याच्या बसमध्ये बसवून दिलं. त्या खिडकीशी बसल्या. गाडी भरत गेली, पण ज्यांना ठाऊक होतं ते त्यांच्या शेजारी बसेनात. समुद्रपूरच्या दोन बायका तर उभ्या राहिल्या.

मग ज्योती आणि सुखदेव चढले. त्यांनाही वर्ध्यावरूनच पुलगावला जायचं होतं. सुखदेवला पुढे एक जागा मिळाली. ज्योती हातात डब्याची पिशवी घेऊन मधल्या वाटेत उभी राहिली, रिकामी जागा पाहिली, काकूंना पाहिलं. कंडक्टरने घंटी दिली. मी खालून पाहत होते. काकू समोरच्या सीटकडे बघत बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून.

"सरका थोड्याशा," ज्योती म्हणाली.

काकू सरकल्या.